पिनकोड ४१३५१५चं कुळ-गोत्र

प्रश्न : आमच्या अहमदपूरचा (जि. लातूर) पिनकोड ४१३५१५. रामानुजनांच्या १७२९ची गोष्ट ऐकल्यापासून डोक्यात आहे, की आमच्या गावच्या या आकड्यातही काही खास असेल का? ती मूळ संख्या आहे की संयुक्त? अंकांची बेरीज १९, पुन्हा बेरीज केली की १० आणि शेवटी १. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, १ आला म्हणजे शुभ. हे खरं का? आणि एखादी संख्या खास आहे, हे ठरवतं तरी कोण?
— एक वाचक, अहमदपूर

उत्तर : निकाल आधी सांगतो आणि कारणं मागून देतो. ४१३५१५ ही मूळ संख्या नाही, ती तीन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. शुभाशुभाशी तिचं काही देणंघेणं नाही. पण नाशिकजवळच्या देवळालीत गणित शिकवणाऱ्या एका मास्तरांनी संख्यांचे जे प्रकार पाडले, त्यांतल्या एकात ती नेमकी बसते. त्या प्रकाराचं नाव जंक्शन. अहमदपूरला रेल्वे नाही, पण पिनकोड मात्र जंक्शन आहे!

आधी हा आकडा आला कुठून ते पाहू. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्राच्या दळणवळण खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृत कवीही. त्यांच्या योजनेत पहिला अंक ४ म्हणजे आजच्या हिशेबानं महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ हा पट्टा. पहिले तीन अंक टपालाच्या वर्गीकरणाचा विभाग सांगतात आणि शेवटचे तीन टपाल वाटणारं कार्यालय. सोलापूर ४१३००१, धाराशिव ४१३५०१, लातूर ४१३५१२, अहमदपूर ४१३५१५ ही सगळी एकाच ४१३ची लेकरं.

म्हणजे या आकड्यानं काही मोजलेलं नाही. अहमदपूर हे काही देशातलं चार लाख तेरा हजार पाचशे पंधरावं गाव नव्हे. दोन गावांचे पिनकोड एकमेकांत मिळवून हाती काही लागत नाही. तरीही सहा अंक ओळीनं उभे राहिले की त्यांची एक पूर्ण संख्या होते, आणि संख्या झाली की तिचे गुणधर्म तिच्यासोबत आलेच. त्यासाठी टपाल खात्याची परवानगी लागत नाही.

मूळ की संयुक्त?

शेवटी ५ आहे, तेव्हा ५ने भाग जाणारच. ४१३५१५ ÷ ५ = ८२७०३. लातूर पॅटर्नच्या मुलुखात एवढं कुणीही तोंडी सांगेल. खरा कस आता लागतो, कारण ८२७०३ चेहऱ्यावर काहीच दाखवत नाही.

२ने भाग जात नाही. अंकांची बेरीज २०, म्हणून ३नेही नाही. ७, ११ आणि १३ या तिघांची झडती एकदम घेता येते. ७ × ११ × १३ = १००१ हे एकदा लक्षात ठेवायचं. सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करायचे आणि त्यांची वजाबाकी करायची. इथे ५१५ − ४१३ = १०२. या १०२ला ७नं भाग जात नाही, ११नं जात नाही, १३नंही जात नाही. तेव्हा मूळ पिनकोडलाही जात नाही. कारण सोपं आहे : ४१३५१५ म्हणजे ४१३ × १००१ आणि वर १०२. पहिल्या भागाला तिघांनीही भाग जातो, म्हणून सगळा निवाडा १०२वर येऊन ठेपतो.

त्यापुढे आडवाट नाही, एकेक मूळ संख्या घेऊन भागत जायचं. १७नं भागलं तर १५ उरतात, १९नंही १५च. ४१ने ६ उरतात. १७३ने ९, १७९ने ५. वाटतं, आता लागली, आणि हुलकावणी देते. कुठवर जायचं हे मात्र ठाऊक असतं. ८२७०३चं वर्गमूळ २८७च्या किंचित पुढे आहे. एखाद्या संख्येचे दोन अवयव असतील तर दोन्ही वर्गमुळाहून मोठे असू शकत नाहीत, म्हणून २८७पर्यंत काही सापडलं नाही तर ती मूळ संख्या मानायची. इथे तेवढं लांब जावं लागत नाही. १९१ला भाग निःशेष जातो :

८२७०३ = १९१ × ४३३

१९१ ही २पासून मोजत आल्यास ४३वी मूळ संख्या. ४३३ही मूळच, तिच्यासाठी १९पर्यंत भागून पाहिलं तरी पुरतं. तेव्हा तुमच्या पिनकोडचं कुळ हे :

४१३५१५ = ५ × १९१ × ४३३

तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या अशा गुणाकाराला गणितात स्फेनिक संख्या म्हणतात. अशी सर्वांत लहान संख्या ३०, म्हणजे २ × ३ × ५. आणि गंमत पाहा, तुमच्या मनात ज्या संख्येनं घर केलं ती १७२९ देखील ७ × १३ × १९ आहे. दोघी एकाच घरच्या. एवढंच नव्हे, १७२९च्या अंकांची बेरीजही १९च आहे.

हे अवयव कागद-पेन्सिलीनं दुपारभरात निघतात. अंक वाढले की काम कल्पनेपलीकडे वाढतं. २०२० साली 'आरएसए-२५०' या २५० अंकी संख्येचे दोन अवयव शोधले गेले, तेव्हा संगणकाच्या एका गाभ्याला सुमारे २,७०० वर्षं पुरेल इतकं काम जगभरातल्या यंत्रांत वाटून द्यावं लागलं. उलट, संख्या मूळ आहे की नाही एवढंच विचारलं तर उत्तर झटपट मिळतं. त्यासाठीची खात्रीची आणि वेगवान रीत २००२ साली कानपूरच्या आयआयटीतले मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. संयुक्त आहे हे कळणं सोपं, कशाकशाची संयुक्त आहे हे कळणं कठीण : या एका विसंगतीवर इंटरनेटवरच्या गुप्ततेचा मोठा भाग उभा आहे.

न्यून, परिपूर्ण की विपुल?

अवयव हाती आले की बाकीची माहिती आपोआप सुटते. ४१३५१५ला एकूण आठ विभाजक : १, ५, १९१, ४३३, ९५५, २१६५, ८२७०३ आणि ती स्वतः. स्वतःला वगळून बाकीच्या सातांची बेरीज ८६,४५३.

सुमारे १,९०० वर्षांपूर्वी निकोमाकस या ग्रीक पंडितानं याच बेरजेवरून संख्यांचे तीन वर्ग केले होते. बेरीज संख्येएवढीच आली तर संख्या परिपूर्ण, जसं ६ (१ + २ + ३) किंवा २८. कमी आली तर न्यून, जास्त आली तर विपुल. तुमचा पिनकोड न्यून, आणि तोही चांगलाच.

वाईट वाटून घेऊ नका, शेजारीपाजारी डोकावून पाहा. औशाचा पिनकोड ४१३५२० आणि निलंग्याचा ४१३५२१. तालुके लागून, आकडेही लागून. पण ४१३५२० म्हणजे २ × २ × २ × २ × ३ × ५ × १७२३. तिला ४० विभाजक आहेत आणि स्वतःला वगळून त्यांची बेरीज ८,६९,१३६ होते, म्हणजे संख्येच्या दुपटीहून जास्त. हा विपुलतेचा कळस. आणि लगेच पुढची ४१३५२१ ही चक्क मूळ संख्या! ६४३पर्यंतच्या सगळ्या ११७ मूळ संख्यांनी भागून पाहिलं तरी कुणालाही दाद देत नाही. तिचे विभाजक दोनच, १ आणि ती स्वतः. संख्यांच्या रांगेत शेजार असला म्हणून स्वभाव जुळत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही.

वर्गांच्या बाबतीतही अहमदपूरची एक अट आहे. दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून ४१३५१५ लिहिताच येत नाही. कारण तिच्या पोटात १९१ एकदाच आहे, आणि १९१ला ४ने भागल्यावर ३ उरतात. असा एकटा अवयव असला की दोन वर्गांचं गणित जमत नाही. तीन वर्गांत मात्र जमतं : ६३९चा वर्ग, ६३चा वर्ग आणि ३५चा वर्ग. करून बघा, ४,०८,३२१ + ३,९६९ + १,२२५.

बेरीज १ आली, मग शुभ का?

अंकांची बेरीज पुन्हा पुन्हा करून जो एक अंक उरतो, तो म्हणजे संख्येला ९ने भागून उरणारी बाकी, दुसरं काही नाही (बाकी शून्य असेल तर ९ येतो). जुन्या हिशेबनिसांना हे पक्कं ठाऊक होतं. ते याचा उपयोग करून गुणाकार तपासत आणि त्याला नवाचा ताळा म्हणत. आपण वर काढलेले अवयव तपासू. १९१चा ताळा २, ४३३चा १, आणि ५ तर ५च. ५ × २ × १ = १०, म्हणजे १. ४१३५१५चाही १. ताळा जमला.

आता शुभाचं बोलू. दर नवव्या संख्येचा ताळा १ येतो. ४१३५०६चा १, ४१३५१५चा १, ४१३५२४चाही १. देशातल्या साधारण नऊपैकी एका पिनकोडचं भाग्य त्या गृहस्थांच्या हिशेबानं उजळलेलं असायला हवं. गावाचं भलं ९ने भागून ठरत असतं तर ग्रामसभा कशाला लागल्या असत्या?

मग ते जंक्शन कसलं?

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५चा, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं, आणि पुढे १९६२पर्यंत देवळालीत शाळामास्तर म्हणून राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. विद्वानांपैकी अनेकांनी त्यांचं काम पोरखेळ समजून बाजूला सारलं. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात मार्च १९७५मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं.

कापरेकरांचा एक प्रकार हर्षद संख्यांचा. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं भाग गेला की ती हर्षद. १७२९ हर्षद आहे : १७२९ ÷ १९ = ९१. ४१३५१५चं मात्र थोडक्यात हुकलं. तिला १९ने भागलं तर १८ उरतात, आणखी एक असता तर बाकी राहिली नसती. औशाचा ४१३५२० हर्षद आहे, कारण अंकांची बेरीज १५ आणि १५ × २७५६८ = ४१३५२०.

दुसरा प्रकार जास्त खोल आहे. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या तयार होते. २१मध्ये २ + १ मिळवले की २४. इथे २१ ही २४ची जनक. कापरेकरांनी उलटा प्रश्न विचारला : प्रत्येक संख्येला जनक असतोच का? नाही. २०ला जनक नाही, ३१ला नाही, ४२ला नाही. अशा बिनजनकाच्या संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटलं. जगात त्या देवळाली संख्या म्हणूनही ओळखल्या जातात. साधारण दहात एक संख्या स्वयंभू निघते.

आणि काही संख्यांना एकाहून जास्त जनक असतात. दोन वाटांनी येऊन जिथे पोचता येतं, त्या संख्येला कापरेकरांनी जंक्शन हे नाव दिलं. सर्वांत लहान जंक्शन १०१ : ९१ + १० आणि १०० + १. आता अहमदपूरकडे वळू.

४१३५०१ + (४ + १ + ३ + ५ + ० + १ = १४) = ४१३५१५
४१३४९२ + (४ + १ + ३ + ४ + ९ + २ = २३) = ४१३५१५

दोन जनक, दोन्ही अस्सल. तिसरा नाही. असं का व्हावं, तेही दिसतं. ४१३४९२वरून ४१३५०१वर येताना संख्या ९ने वाढते. पण मधे शंभराचा हातचा लागतो, ९चा शून्य होतो, आणि अंकांची बेरीज २३वरून १४वर, म्हणजे बरोबर ९ने उतरते. एकीकडे कमावलं तेवढंच दुसरीकडे गमावलं, म्हणून एकूण तीच. याच कारणानं ४१३५१३पासून ४१३५२९पर्यंतच्या सगळ्या विषम संख्या जंक्शन आहेत. उदगीरचा ४१३५१७ आणि निलंग्याचा ४१३५२१ त्यांतच आले.

आता पहिला जनक पुन्हा नीट पाहा. ४१३५०१ हा धाराशिवचा पिनकोड! अहमदपूर तालुका १९५६पर्यंत बिदर जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो मराठी मुलुखात आला आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला जोडला गेला. १६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याच जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला. म्हणजे ज्या जिल्ह्यातून तुमचा जिल्हा जन्मला, त्याच्या मुख्य गावचा आकडा तुमच्या आकड्याचा जनक. इथे हुरळून जायचं नाही, नीट वेगळं करायचं. १९७२ साली दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात होती, म्हणून सुरुवातीचे ४१३५ सारखे असण्यात नवल नाही. फरक नेमका १४च निघावा आणि ४१३५०१च्या अंकांची बेरीजही १४च असावी, हा मात्र निव्वळ योगायोग.

आणि औसा? ४१३५२०ला जनक मिळतो का पाहू. नवाच्या ताळ्यावरून शक्यता सहाच उरतात. जनकात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवली की ताळा दुप्पट होतो; ४१३५२०चा ताळा ६, म्हणून जनकाचा ३, आणि त्याच्या अंकांची बेरीज ३, १२, २१, ३०, ३९ किंवा ४८. त्या हिशेबानं जनक ४१३५१७, ४१३५०८, ४१३४९९, ४१३४९०, ४१३४८१ किंवा ४१३४७२ असायला हवा. त्यांच्या अंकांच्या खऱ्या बेरजा अनुक्रमे २१, २१, ३०, २१, २१, २१. एकही जुळत नाही. तेव्हा औसा स्वयंभू! लातूर जिल्ह्यात एक मूळ संख्या, एक हर्षद आणि स्वयंभू, आणि तुमचं जंक्शन, सगळं सहा आकड्यांच्या अंतरात.

जनकांचा शोध कापरेकरांनी कुठवर नेला होता? १९६१ साली त्यांनी चार जनकांची संख्या शोधली. ती २५ अंकी आहे : १वर २४ शून्यं, अधिक १०२. हे संगणकानं काढलेलं नव्हे.

६१७४चं काय?

कापरेकरांचं सर्वांत गाजलेलं काम म्हणजे ६१७४. त्यांनी ते १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमानं लिहा, चढत्या क्रमानं लिहा, वजा करा, आणि हेच करत राहा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते आणि तिथून हलत नाही.

सहा अंकांत असा एकच मुक्काम नाही. ४१३५१५वर प्रयोग करू. ५५४३११ − ११३४५५ = ४४०८५६. पुढे ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ आणि सातव्या वजाबाकीला ४२०८७६. इथून खेळ सुरू होतो : ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. सात संख्यांचं हे रिंगण, त्यातून सुटका नाही. सहा अंकी संख्यांपैकी काही ५४९९४५वर किंवा ६३१७६४वर जाऊन थांबतात. अहमदपूरच्या नशिबी थांबणं नाही, फिरणं आहे.

एक अक्षर इकडचं तिकडं

इथवर आपण दोन जातीचे गुण पाहिले, आणि त्यांत फरक करायला हवा. ५ × १९१ × ४३३ हा संख्येचा स्वतःचा गुण आहे. तीच संख्या संगणकाच्या दोन अंकी लिपीत ११००१००११११०१००१०११ अशी लिहिली तरी तिचे अवयव तेच राहतात. अंकांची बेरीज, हर्षद, जंक्शन, कापरेकरांची वजाबाकी हे गुण मात्र आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून आहेत. लिहिण्याची पद्धत बदलली की तेही बदलतात. ज्यांनी कापरेकरांना हसण्यावारी नेलं, त्यांचा आक्षेप हाच होता. पण लिहिण्याच्या पद्धतीलाही नियम असतात, आणि ते शोधणं हेही गणितच.

हा फरक तुमच्या गावाच्या पत्त्यातच स्पष्ट दिसतो. ४१३५१५ लिहिताना १ आणि ३ यांची अदलाबदल झाली तर ४३१५१५ होतं, आणि तो परळी वैजनाथचा पिनकोड आहे! उदगीरच्या ४१३५१७मध्ये हीच चूक केली तर पत्र अंबाजोगाईला, ४३१५१७ला. दोन्ही ठिकाणी अंक तेच, फक्त जागा बदललेल्या. म्हणून अहमदपूर आणि परळीची अंकांची बेरीज एकच, नवाचा ताळा एकच, आणि वजाबाकीचं रिंगणही एकच. पण अवयव बघा : ४३१५१५ = ५ × ७ × १२३२९. तो ७ तर १००१च्या युक्तीनं क्षणात दिसतो : ५१५ − ४३१ = ८४. संख्या आतून पार वेगळी.

आणि इथेच नवाच्या ताळ्याची मर्यादा उघडी पडते. अंकांची अदलाबदल ही लिहिणाऱ्याची नेहमीची चूक, पण तिनं पडणारा फरक कायम ९च्या पटीत असतो. ४३१५१५ − ४१३५१५ = १८०००. ताळा ती चूक कधीच पकडू शकत नाही. पिनकोडमध्ये तपासणीचा असा अंक ठेवलेलाच नाही. आधारच्या १२ अंकांत मात्र शेवटचा अंक तपासणीचाच आहे. तो व्हेरहोफ यांच्या रीतीनं काढतात. ही रीत १९६९ची, आणि एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले तर ती लगेच अडवते. आधार क्रमांक चुकीचा टाकला की यंत्र जागीच नाकारतं, आणि चुकीचा पिनकोड टपालपेटीत निमूट पडतो, याचं कारण एवढंच.

खास कोण ठरवतं?

आता तुमचा शेवटचा प्रश्न. संख्येचे गुण कुणी ठरवत नाही, ते असतातच. ४१३५१५ ही १९७२च्या आधीही स्फेनिक होती आणि जंक्शनही होती, फक्त तसं कुणी तिला विचारलं नव्हतं. खास ठरतो तो आपला प्रश्न. अवयव विचारले तर निलंगा भाव खाऊन जातो. विभाजक मोजले तर औसा. जनक विचारले तर अहमदपूर, पण त्यातही उदगीर आणि निलंगा वाटेकरी होतातच. १७२९ प्रसिद्ध झाली ती दोन घनांची बेरीज दोन प्रकारे होणारी सर्वांत लहान संख्या म्हणून. तो प्रश्न रामानुजनांच्या डोक्यात आधीपासून होता, म्हणून उत्तर तोंडावर होतं. कापरेकरांचंही तसंच. त्यांच्याजवळ यंत्र नव्हतं, पण आजवर कुणी न विचारलेले साधे प्रश्न भरपूर होते.

तेव्हा वाचकांसाठी या वेळचं गणित : आपापल्या गावचा पिनकोड घ्या आणि त्याला तीन प्रश्न विचारा. हर्षद आहे का? त्याला जनक किती? आणि शेजारचे दोन अंक उलटे पडले तर पत्र कुठल्या गावाला जाईल? जनक शोधताना औशासाठी केलं तसं करा : आधी ताळ्यावरून शक्यता सहावर आणा, मग सहा बेरजा तपासा. पाच मिनिटांचं काम आहे. ज्यांचा पिनकोड स्वयंभू निघेल त्यांनी गावाच्या नावासह जरूर कळवावं.